मेजर फॉर्मवर भरायच्या आधीच ठरतं

पत्र: ताई, नमस्कार. मी डोंबिवलीला राहते, वय २५. बी.कॉम. झाल्यापासून तीन वर्षं एका खासगी बँकेच्या ठाण्यातल्या ऑफिसात गृहकर्जाच्या फाइली तपासते. यंदा एमबीएच्या प्रवेशाची सीईटी दिली. पर्सेंटाइल बरे आलेत. मुंबई विद्यापीठाच्या एका कॉलेजातलं एमएमएस (एमबीएसारखी पदवी) आणि एका स्वायत्त संस्थेतलं पीजीडीएम (व्यवस्थापनाची पदविका), दोन्ही आवाक्यात दिसतंय. पीजीडीएमवाले ड्युअल स्पेशलायझेशन, म्हणजे दोन मुख्य विषय, देतात. भाऊजी म्हणतात, मुंबईत राहून फायनान्स सोडून दुसरं काही घेणं म्हणजे वेडेपणा. मावसभाऊ म्हणतो, आता फक्त डेटा ॲनालिटिक्स. मला मार्केटिंग घ्यावंसं वाटतं, कारण फाइलींचा कंटाळा आलाय. म्हणजे तसा कामाचा नाही. एखादा दुकानदार येतो, महिन्याला आठ-दहा लाखांची उलाढाल, पण इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये उत्पन्न एवढंसं. मी त्याचे जीएसटीचे रिटर्न आणि बँक स्टेटमेंट शेजारी-शेजारी उघडून बसते. माणूस हप्ता भरू शकेल हे दिसत असतं. पण फाइल वर पाठवायची आणि नामंजूर होऊन आली की त्याला फोन करून सांगायचं, एवढंच माझ्या हातात. मेजर, म्हणजे मुख्य विषय, कोणतं घेऊ? माहितीपत्रकात चाळीसेक इलेक्टिव्ह, म्हणजे निवडीचे विषय, आहेत, ते कसे निवडू? ड्युअल घ्यावं का? आणि आईला नोकरी सोडणं पटत नाहीये, तिला काय सांगू? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर:

वयाने तू बरीच लहान आहेस, म्हणून सरळ ‘तू’ म्हणते.

तुझ्या पत्रात मार्केटिंगबद्दल एकच वाक्य आहे आणि त्यातही मार्केटिंग का आवडतं ते नाही, फाइली का नकोत एवढंच आहे. त्या दुकानदाराबद्दल मात्र तू न विचारता चार-पाच ओळी लिहिल्यास. रिटर्नमधलं उत्पन्न एक सांगतं, जीएसटी दुसरं सांगतो, खात्यात येणारे पैसे तिसरंच, आणि तू ते शेजारी लावून बघत बसतेस. हे कुणी तुला सांगितलेलं नाही. ज्याला खरोखर कंटाळा आलाय तो माणूस चेकलिस्टवर टिका मारून सहा वाजता ठाणे स्टेशन गाठतो. मला असं दिसतं की तुला काम आवडतं, पण त्या कामातली तुझी जागा आवडत नाही. तपासायचं तू, ठरवायचं दुसऱ्याने, आणि वाईट बातमी पुन्हा तूच द्यायची. ही तक्रार रास्त आहे आणि तिच्यावर उपायही आहे. तो उपाय मार्केटिंगच आहे का, हे पाहू.

आधी वेळापत्रक समजून घे, कारण बहुतेक मुलं इथेच फसतात. एमएमएस दोन वर्षांचं, चार सेमिस्टरचं. पहिल्या वर्षी सगळ्यांना सारखंच शिकवतात: अकाउंट्स, अर्थशास्त्र, स्टॅटिस्टिक्स, मार्केटिंग, ऑपरेशन्स, मनुष्यबळ, थोडा कायदा. स्पेशलायझेशन दुसऱ्या वर्षापासून. त्यामुळे मुलं निर्धास्त असतात, ‘अजून वर्ष आहे, बघू’ म्हणतात. पण मे-जूनमधली दोन महिन्यांची समर इंटर्नशिप मध्ये येते आणि तिच्या मुलाखती पहिल्या वर्षाच्या मध्यावरच सुरू होतात. बऱ्याच कॉलेजांत दिवाळीच्या आसपास. म्हणजे वर्गात अजून कॉस्टिंग आणि प्रॉबॅबिलिटी चाललेली असते आणि समोर बसलेला माणूस विचारतो, ‘तुम्हाला आमच्याकडे कोणत्या विभागात काम करायचंय आणि का?’ तिथे जे उत्तर देशील त्यावर समर ठरतो. समर जिथे झाला त्याच प्रकारच्या कामासाठी पुढे फायनल प्लेसमेंटला तुझा सीव्ही उचलला जाण्याची शक्यता जास्त. जूननंतर कॉलेज तुझ्यापुढे मेजरचा फॉर्म ठेवतं तेव्हा निवड बरीचशी होऊन गेलेली असते, फॉर्मवर फक्त तिची नोंद होते.

काही संस्था तर अर्जातच विचारतात. अंधेरीच्या एस. पी. जैनला अर्ज करतानाच स्पेशलायझेशन सांगावं लागतं. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत मनुष्यबळाचा स्वतंत्रच अभ्यासक्रम आहे. तुला निदान काही महिने मिळताहेत. ते कॉलेज सुरू झाल्यावर नव्हे, त्याच्या आधी वापर.

आता मार्केटिंग. मनातून काढून टाक असं मी म्हणणार नाही, पण ते जवळून बघ. जाहिरात ठरवणारी, ब्रँड सांभाळणारी माणसं कंपनीत मूठभर असतात. साबण-बिस्किटं-तेल विकणाऱ्या कंपनीत मार्केटिंगचं मेजर करून गेलेल्या बहुतेकांची सुरुवात विक्रीपासून होते. एरिया ठरवून देतात, तो वसई-विरार असेल, नांदेड असेल, नाहीतर रायपूर. डिस्ट्रिब्युटरचा माल किती दिवस पुरेल, त्याचे पैसे बाजारात किती अडकलेत, त्याचे सेल्समन रोज किती दुकानं करतात, हे तुझं काम. एका शनिवारी सकाळी फडके रोडवरच्या एखाद्या ओळखीच्या किराणा दुकानात तासभर उभी राहा. कंपनीचा सेल्समन येईल. तो आत शिरल्या शिरल्या दुकानदाराशी बोलत नाही, आधी शेल्फ बघतो. आपला माल पुढे आहे का मागे ढकललाय, शेजारी कुणाचा आलाय, गेल्या खेपेची पाकिटं किती उरलीत. मग मोबाइलवर ऑर्डर टाकता टाकता स्कीम समजावतो, मागची उधारी काढतो, दुकानदार कुरकुरतो, हा हसतो, दोन पेट्या जास्त खपवतो. ते बघताना तुला मजा आली, ‘हा असं का करतो’ असे प्रश्न पडले, तर मार्केटिंगचा विचार जरूर कर. घड्याळाकडे लक्ष गेलं तर तेही उत्तरच आहे.

भाऊजींचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. रिझर्व्ह बँक, सेबी, राष्ट्रीय शेअर बाजार, १८७५ पासून चालत आलेला मुंबई शेअर बाजार, सगळं इथेच आहे आणि फायनान्सच्या मुलांना त्याचा फायदा होतो. पण फायनान्स ही काही एकच नोकरी नाही. वांद्रे-कुर्ला संकुलात शेअर्सचा रिसर्च करणारी मुलगी, फोर्टमधल्या सल्लागार फर्ममध्ये कंपन्यांचं मूल्यांकन करणारा मुलगा, एखाद्या कारखान्याच्या मुख्यालयात खेळत्या भांडवलाचा हिशेब सांभाळणारी ट्रेझरीतली माणसं, आणि बँकेत किंवा एनबीएफसीत (बँक नसलेल्या वित्तसंस्थेत) कुणाला किती कर्ज द्यायचं हे ठरवणारी क्रेडिटची माणसं. चौघांचंही मेजर फायनान्स, पण दिवस अगदी वेगवेगळे जातात. पहिलीला तिमाही निकालांच्या दिवसांत रात्र रात्र बसावं लागतं, चौथीला कधी भिवंडीच्या गोडाउनमध्ये जाऊन माल खरंच आहे का ते बघावं लागतं. म्हणून ‘फायनान्स का मार्केटिंग’ हा प्रश्न फार ढोबळ आहे. पहिली नोकरी कोणत्या टेबलावरची हवी, हा प्रश्न स्वतःला विचार.

माझं मत विचारशील तर सांगते. मेजर फायनान्स घे, पण कर्जाच्या बाजूचं. क्रेडिट, रिस्क आणि त्याच्या पुढे कर्जाचं प्रॉडक्ट, म्हणजे कर्जाची योजनाच आखण्याचं काम. छोट्या व्यावसायिकाच्या कागदावरच्या उत्पन्नापलीकडे बघून त्याला कर्ज कसं द्यायचं, हा बँका आणि एनबीएफसींपुढचा रोजचा प्रश्न आहे. तू तो तीन वर्षं टेबलावर पाहिलायस. वर्गात तुझ्या शेजारी बसणाऱ्या बऱ्याच जणांनी कर्जाची फाइल उघडूनही पाहिलेली नसेल. हे भांडवल सोडून देऊन शून्यातून मार्केटिंग सुरू करायचं असेल तर त्याला भक्कम कारण हवं, आणि ते कारण तुझ्या पत्रात मला सापडलं नाही.

शिकण्याने तुझ्या जागेत फरक कसा पडेल, ते एका उदाहरणावरून बघ. एलटीव्ही, म्हणजे घराच्या किमतीच्या किती टक्के कर्ज द्यायचं ते, तुला पाठ आहे. ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांना ८० टक्के, त्यावर ७५. तू ही मर्यादा तपासतेस आणि पुढे जातेस. पण ती तशी का आहे? एलटीव्ही जितका जास्त तितकं बँकेला त्या कर्जामागे स्वतःचं भांडवल जास्त अडकवून ठेवावं लागतं, भांडवल महाग असतं, आणि म्हणून कमी रक्कम भरून घर घेणारा ग्राहक बँकेला वेगळ्या दरात पडतो. फॉयर, म्हणजे उत्पन्नातला हप्त्यांत जाणारा हिस्सा, काढतानाही तसंच. पगारदाराच्या उत्पन्नातला ठरावीक हिस्साच हप्त्यांत जावा हा नियम त्या दुकानदाराला जसाच्या तसा लावला की तो बाद होतो. त्याचं उत्पन्न मोजायची दुसरी रीत बसवता येईल का, त्यात बुडीत किती वाढेल, व्याजदर किती लावला तर परवडेल, हे ज्याला मांडता येतं तो माणूस नियम बनवणाऱ्या खोलीत बसतो. तुला त्या खोलीत जायचंय असं मला पत्रातून वाटतं.

तर इलेक्टिव्हची यादी हातात घे आणि त्या खोलीच्या दारापासून मागे चालत ये. फायनान्सच्या बाजूने बँकिंग आणि बँक मॅनेजमेंट, क्रेडिट रिस्क, ताळेबंदाचं विश्लेषण, फायनान्शियल मॉडेलिंग हे तुझे कणा असलेले विषय. फिक्स्ड इन्कम (रोख्यांचा विषय) घे, कारण व्याजदर हलले की कर्जाच्या धंद्याचं काय होतं ते तिथे कळतं. २०१६ चा दिवाळखोरी कायदा कुठे शिकवत असतील तर तोही घे, कर्ज वसूल कसं होतं हे माहीत नसलेल्याने कर्ज देऊ नये. डेरिव्हेटिव्ह्ज आणि पोर्टफोलिओ मॅनेजमेंट सगळे घेतात म्हणून तू घेऊ नकोस. पायाभूत पेपरात येतील तेवढे पुरेत. विलीनीकरण-अधिग्रहण ऐकायला भारी वाटतं, तुझ्या वाटेवर त्याचा उपयोग कमी.

मार्केटिंगचं काय? ते सोडायचं नाही. ग्राहकवर्तन, मार्केट रिसर्च आणि प्राइसिंग किंवा सर्व्हिसेस मार्केटिंग, यातले दोन तरी विषय घे. नकाराचा फोन ग्राहकाला कसा लागतो हे तुला ठाऊक आहे. अर्ज कुठल्या पानावर लोक सोडून जातात, कोणत्या कागदासाठी तीनदा यावं लागतं, हे प्रश्न ग्राहकवर्तनाचेच आहेत. पुढे होम लोन प्रॉडक्टच्या टीममध्ये जायचं झालं तर ताळेबंद वाचणारा आणि ग्राहकही समजणारा माणूस हवा असतो. कॉलेजात शिरण्यापूर्वी एक मात्र विचार: दुसऱ्या स्पेशलायझेशनच्या यादीतले इलेक्टिव्ह घेता येतात का? काही ठिकाणी आपल्याच मेजरच्या यादीतून घ्यावे लागतात. हे माहितीपत्रकात सापडणार नाही, दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचार.

मावसभावाला सांग की ॲनालिटिक्स तू घेणार आहेस, पण मेजर म्हणून नाही. हा विषय पूर्णवेळ करायचा तर गणित आणि कोडिंगची खरी ओढ हवी. तुझ्यासाठी स्टॅटिस्टिक्स नीट करणं, डेटाबेसमधून माहिती काढण्यापुरतं एसक्यूएल येणं आणि आकडे आलेखांत मांडणारं पॉवर बीआयसारखं एखादं टूल हाताळता येणं पुरेसं आहे. रिग्रेशन, म्हणजे आकड्यांतले संबंध शोधून अंदाज बांधायची रीत, कळलं पाहिजे, विशेषतः लॉजिस्टिक रिग्रेशन, कारण कर्ज बुडेल की नाही याची गुणपत्रिका बऱ्याच ठिकाणी त्यावरच उभी असते. आणि या सगळ्याच्या आधी एक्सेल. मुलाखतीत मॉडेलिंगच्या गप्पा मारणाऱ्या आणि साध्या पिव्हट टेबलला अडणाऱ्या मुलांना मी पाहिलंय.

चाळीस विषयांतून कसे निवडू म्हणतेस, तर त्यातले कमी कसे करायचे ते सांगते. माहितीपत्रकात छापलेला प्रत्येक इलेक्टिव्ह दरवर्षी चालतोच असं नाही. ठरावीक संख्येने मुलं आली तरच वर्ग उघडतो. म्हणून गेल्या वर्षी प्रत्यक्ष कोणते विषय चालले ते विचार, यादी तिथेच बरीच आखडेल. मग विषयाचे क्रेडिट, म्हणजे अभ्यासक्रमातलं त्याचं वजन, बघ. एका क्रेडिटला साधारण १५ तास शिकवणं धरतात, म्हणजे दोन क्रेडिटच्या विषयात ३० तास. एवढ्यात ‘स्ट्रॅटेजिक’ आणि ‘ॲडव्हान्स्ड’ नावाच्या विषयात किती होणार, याचा अंदाज घे. त्यानंतर मूल्यमापन. जिथे सगळे गुण लेखी परीक्षेला आहेत त्या विषयातून हातात काही राहत नाही. जिथे एखाद्या खऱ्या कंपनीचे आकडे घेऊन काम करायचं आहे आणि वर्गासमोर उभं राहून त्याचा बचाव करायचा आहे, तो विषय कठीण म्हणून टाळला जातो आणि नेमका तोच मुलाखतीत बोलायला उपयोगी पडतो. गुण मिळवणं सोपं जातं म्हणून विषय घेणारे दर वर्गात असतात. तू त्यांच्यातली होऊ नकोस.

आणि शिकवतं कोण? मुंबईतल्या कॉलेजांची खरी श्रीमंती व्हिजिटिंग फॅकल्टीत आहे. दिवसभर बँकेत क्रेडिट कमिटीवर बसणारा माणूस संध्याकाळी किंवा शनिवारी येऊन शिकवतो. चांगला असला तर एका सेमिस्टरमध्ये वर्षांचं शिक्षण मिळतं. पण मार्चअखेर आला की त्याची लेक्चरं पुढे ढकलली जातात आणि मग तीन रविवार सलग बसून अभ्यासक्रम संपवावा लागतो. मागच्या बॅचला विचार की अमुक सरांची किती लेक्चरं खरोखर झाली. शिक्षक चांगला असेल तर तुझ्या यादीबाहेरचाही एखादा विषय बिनधास्त घे. एखादा औद्योगिक संबंधांचा तासही माणूस बदलून टाकतो, शिकवणारा तसा असला तर.

क्रमही महत्त्वाचा आहे आणि त्याकडे फारच कमी मुलं बघतात. फायनल प्लेसमेंटच्या मुलाखती बऱ्याच ठिकाणी तिसऱ्या सेममध्येच सुरू होतात. म्हणजे चौथ्या सेमला ठेवलेला क्रेडिट रिस्क मुलाखतीला उपयोगाचा नाही, तो तेव्हा सीव्हीवर केवळ एक नाव असेल. ज्या दोन-तीन विषयांवर तुला बोलायचंय ते तिसऱ्या सेममध्येच संपव. चौथ्यात मनाजोगते घे: दिवाळखोरी कायदा, वाटाघाटी, एखादा भाषेचा कोर्स. आणि तिसऱ्यातले विषय झेपायचे तर पहिल्या सेमचं स्टॅटिस्टिक्स पासापुरतं करून चालणार नाही. पुढचे निम्मे इलेक्टिव्ह त्याच्यावर उभे आहेत.

ड्युअल स्पेशलायझेशनबद्दल मी सावध आहे. दोन मेजर म्हणजे दुप्पट शिक्षण असं वाटतं, पण तास तेवढेच असतात. चार-पाच विषय इकडचे, चार-पाच तिकडचे, आणि दोन्हीकडचे खोलातले विषय निसटतात. शॉर्टलिस्ट करणाऱ्याला मेजर फायनान्स आणि मायनर मार्केटिंग असं स्पष्ट दिसलेलं बरं. दोन्ही निम्मं निम्मं असलं की तो विचारतो, ‘मग तुम्हाला नक्की काय करायचंय?’ त्या प्रश्नाला तुझ्याकडे कर्जाच्या प्रॉडक्टचं उत्तर आहे, त्यामुळे तुला ड्युअलची गरज नाही. तसं उत्तर नसलेल्या मुलांना ड्युअल आकर्षक वाटतं आणि मग दोन्हीकडे त्यांची ओढाताण होते.

एमएमएस की पीजीडीएम, यात मी तुला एमएमएसकडे झुकवीन, आणि कारण बरंचसं पैशाचं आहे. एमएमएस ही विद्यापीठाची पदवी. पीजीडीएम पदविका असते. संस्थेला एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेची, मान्यता असेल तर नोकरीत फरक पडत नाही, पण पुढे पीएच.डी. किंवा सरकारी नोकरीसाठी एमबीएशी समकक्षता लागते. ती त्या कोर्सला भारतीय विश्वविद्यालय संघाकडून मिळालेली आहे का, एवढं तपासून घे. दुसरी गोष्ट फार मुलींना माहीत नसते. ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएस प्रवर्गातल्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ करण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२४ मध्ये घेतला. पण प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, झालेला असला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्था स्तरावरून घेतलेल्या जागेला ही सवलत नाही, आणि अभिमत व खासगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं योजनेबाहेर आहेत. तुझा प्रवर्ग तू लिहिलेला नाहीस. बसत असलीस तर उत्पन्नाचा दाखला आणि जातीची कागदपत्रं आत्ताच गोळा कर, अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर करायचा असतो. खुल्या प्रवर्गासाठी राजर्षी शाहू शिष्यवृत्ती आहे. तिलाही ८ लाखांचीच मर्यादा आहे आणि तीत निम्मं शिक्षण शुल्क मिळतं.

कॅपमध्ये कॉलेजांचा पसंतीक्रम भरताना एक जप. पहिल्याच पसंतीची जागा मिळाली की ती पक्की धरतात, पुढच्या फेरीत जाता येत नाही. त्यामुळे पहिल्या क्रमांकावर तेच कॉलेज टाक जिथे तू खरोखर जाणार आहेस. आणि तिथे गाडी बघ. डोंबिवलीहून माटुंगा आणि डोंबिवलीहून चर्चगेट यात रोजचा बराच फरक आहे. चर्चगेटला जायचं तर दादरला गाडी बदलणं आलं. प्रोजेक्टसाठी ग्रुप रात्री नऊ-नऊपर्यंत बसतो. दोन वर्षं हे करायचंय, हॉस्टेलची चौकशी करायला लाजू नकोस.

आता आई. तिची काळजी फालतू नाही. दरमहा येणारा पगार बंद होणार आहे आणि तिला समोर आकडा दिसत नाही. तिच्यापुढे आकडाच ठेव. समज ७ लाखांचं शैक्षणिक कर्ज घेतलंस, १० टक्क्यांनी, १० वर्षांसाठी, तर हप्ता साधारण सव्वानऊ हजार होतो. अभ्यासक्रम चालू असताना आणि नंतरचं एक वर्ष बँका सहसा हप्ता मागत नाहीत, पण व्याज चालूच असतं आणि शेवटी मुद्दलात मिळवलं जातं. म्हणून तुझ्या साठवणीतून दर महिन्याला निदान व्याज भरत राहा. साडेसात लाखांपर्यंत बँका सहसा तारण मागत नाहीत. व्याजावर आयकरात आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते, मात्र जुनी करप्रणाली निवडली तरच. आत्ताच्या तुझ्या पगारातून तो हप्ता वजा करून दाखव, म्हणजे अगदी वाईटात वाईट काय होईल ते आईला दिसेल. तू हे रोज परक्या माणसांसाठी करतेस, एकदा घरासाठी कर.

तरीही घरची परिस्थिती नोकरी सोडण्याजोगी नसेल तर विद्यापीठाचा संध्याकाळचा तीन वर्षांचा एमएफएम (वित्त व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम) हा मार्ग आहे. नोकरी चालू राहते, विषय फायनान्सचाच असतो. पण त्यात समर इंटर्नशिप नाही, प्लेसमेंटचा आधार कमी, आणि तुझी जागा बदलायची तर तुझ्याच बँकेत पोस्टिंगसाठी झगडावं लागेल. तुझ्या वयात, घरी जमत असेल तर, मी पूर्णवेळच सांगीन.

कॉलेज सुरू व्हायला अवधी आहे तोवर नोकरीच्या जाहिराती वाच. क्रेडिट ॲनालिस्ट, रिस्क, होम लोन प्रॉडक्ट, आणि तुलनेसाठी एरिया सेल्स मॅनेजर. वीसेक जाहिराती उघड आणि त्यातली नुसती क्रियापदं एका कागदावर काढ: तपासणे, मांडणे, भेटी देणे, वसूल करणे, सादर करणे. कोणती क्रियापदं रोज करायला आवडतील त्यावर खूण कर. कॉलेज सुरू होण्याआधीच तुला कळेल की दिवाळीत कुठल्या मुलाखतीला बसायचंय.

आणि नोकरीतले उरलेले दिवस फुकट घालवू नकोस. वरिष्ठांना भेटून मंजुरी देणाऱ्या टीमबरोबर काही दिवस बसू देण्याची विनंती कर. जाणाऱ्या माणसाला असं काही सहसा नाकारत नाहीत. नामंजूर झालेल्या स्वयंरोजगारवाल्यांच्या फाइलींत कोणती कारणं पुन्हा पुन्हा येतात ते मनात टिपून ठेव. ग्राहकांची नावं आणि कागद मात्र ऑफिसबाहेर न्यायचे नाहीत. निघताना रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचं प्रमाणपत्र, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि फॉर्म १६ हातात घेतल्याशिवाय निघू नकोस. समरच्या वेळी जुन्या नोकरीचे कागद लागले तर एचआरकडे खेटे घालायला तुझ्याकडे वेळ नसेल.